मागच्या सीटखालचा दोरा

इस्माईल मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी मायला अंघोळ घालून उन्हाला बसवत होते. “ताई, गाडीचं मागलं सीट खोललंय. खाली लई कायबाय निगालं. फेकून देऊ का ठिवू?” माझ्या तोंडून पटकन “ठेवा” निघालं. खरं तर असं विचारणारा मिस्त्री विरळाच. बाकीचे झाडूनं लोटून मोकळे होतात.

गाडी म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, जुनी पांढरी अँबॅसिडर. नाना जाऊन बरीच वर्षं झाली, गाडी मात्र गावाकडच्या गोठ्यात उभीच होती. चारी चाकं जमिनीत रुतलेली, टपावर कडब्याचा भुसा आणि कोंबड्यांची शीट. यंदा गोठ्याचं छत बसलं आणि पत्रा तिच्या अंगावर आला. माझ्या मुलाला जुन्या गाड्यांचा नाद. तो म्हणाला, आई, हिला चालती करू. ट्रॅक्टरला बांधून त्यानं ती मांजरसुंब्याला आणून टाकली आणि आपण नोकरीच्या गावी निघून गेला. मागचं निस्तरायला मी आहेच. रिटायर झालेल्या मास्तरीणबाईला दुसरं काय काम असतं, असं घरादाराला वाटतं.

मायला शेजारणीच्या ओट्यावर सोपवून मी बीडहून बस धरली. पाली मागं पडलं, घाट चढला, आणि चौकात उतरले तर तोच तो फोडणीचा, डिझेलचा आणि तापलेल्या डांबराचा वास. ढाब्यांच्या मागं एका लिंबाखाली इस्माईलचं गॅरेज. त्यानं पोतं अंथरून सगळं त्यावर मांडलं होतं. शेजारी सीट उताणं पडलेलं, स्प्रिंगा गंजून तांबड्या, काथ्या बाहेर आलेला. उंदरांनी त्यात पिढ्या वाढवल्या असाव्यात.

“बगा निवांत,” इस्माईल म्हणाला आणि बाजेवरची पानं झटकून मला बसायला जागा केली.

पहिलं हाताला लागलं ते दुधाच्या किटलीचं झाकण. अॅल्युमिनियमचं, चेपलेलं. नाकाशी नेलं तर कसलाच वास नाही, गंजाचा आणि उंदराचा तेवढा. आणि तरी माझ्या डोक्यात तो आंबूस वास आलाच. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून दूध संघ काढला होता, नाना त्याचे चेअरमन. पहाटे सायकलींना लटकवलेल्या किटल्या खणखणत यायच्या. संकलनाच्या खोलीत ओली फरशी, धुण्याचा सोडा, म्हशींच्या अंगाचा वास लागलेली माणसं, आणि मधेच कुणीतरी दुधात बोट बुडवून “पाणी हाय की बे ह्यात” म्हणायचा. मग हशा. पाणी घालायला तरी पाणी होतं, असे ते दिवस.

संघाला गाडी आली त्या दिवशी बाया आरतीचं ताट घेऊन आल्या होत्या. चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. नाना टोपी सारखी करून म्हणाले, “ही गाडी कुणा एकाची न्हाई, सगळ्यांची हाय.” टाळ्या पडल्या. सगळ्यांची म्हणजे किल्ली चेअरमनच्या शब्दावर, हे मला पुढं वर्गात सहकाराचा धडा शिकवताना कळलं. मुलांना मात्र पुस्तकातलंच शिकवलं. परीक्षेला तेच येतं.

मग पोत्यावर मला बिया दिसल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, मूठभर सीताफळाच्या बिया. इतक्या वर्षांत उंदरांनी सगळं खाल्लं, त्यांना तेवढा दात लावला नव्हता. त्यांच्याबरोबर मुंडावळीचे चार-दोन मणी होते, रंग उडालेले. मी बिया तळहातावर घेतल्या आणि मला भर दुपारी गॅरेजात हसू आलं. आक्का माझी. माझी मोठी बहीण, माझ्याहून चार-पाच वर्षांनी थोरली. तुळशीचं लग्न उरकलं आणि लगेच तिचं लागलं. डोंगरातली शेवटची सीताफळं तिनं ज्वारीच्या कणगीत पिकत घातली होती आणि लग्नाच्या गडबडीत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वरात संघाच्या गाडीतनं निघाली, तेव्हा तिनं शालूच्या घोळात दोन फळं लपवून आणली. नवरदेव पुढं लिंबाजीकाकांच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, शेजारी बसलेला, आणि ही मागं माझ्या आडोशाला खाली मान घालून सीताफळ खात होती. बायांना वाटलं, पोर माहेर सुटतंय म्हणून रडतेय. नवरीनं बिया थुंकायच्या कुठं? एकेक बी बोटानं सीटच्या फटीत. “कुणाला सांगशील तर बग,” म्हणाली, तोंड भरलेलं होतं. तिच्या चोळीची बाही दंडाला रुतायची, असं भरलेलं अंग होतं तिचं. शिकेकाईचा वास यायचा केसांना, आणि त्यात चुलीचा धूर मिसळलेला.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला पुढं दिवसच राहिले नाहीत.

त्याच्या पुढचं पावसाळ्याचं वर्ष कोरडं गेलं. आधीचंही जेमतेमच होतं. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो हाच. लोक त्याच्या गोष्टी सांगतात, मला आठवतात ते वास. रोजगाराच्या कामावर वाटायच्या त्या सुकडीचा गोडसर, करपट वास. रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीचा वास, ती चुलीवर असतानाच शिळी वाटायची. फोडलेल्या खडीच्या भुकटीचा, तो बायांच्या केसांत, पदरात, तान्ह्या पोरांच्या मानेच्या वळ्यांत बसलेला असायचा. आणि आवाज गेले, ते वेगळंच. रहाटाचा गेला. किटल्यांचा गेला. बैल-म्हशी छावणीवर नेल्या तशा संध्याकाळच्या घंटा गेल्या. गोठा झाडायला कुणी नसायचं, कारण झाडायला काही नसायचं. संघात दूध येईना, पण गाडी चालूच. छावण्या बघायला पाहुणे यायचे, त्यांना आणायला आणि सोडायला.

आक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली ती अशा दिवसांत. पहिलटकरीण माहेरी यायची रीतच आहे, दुष्काळ असो नसो. तिला एसटीतनं उतरताना बघून मायनं तोंडाला पदर लावला. पोट तेवढं पुढं, बाकी सगळी आटलेली. बांगड्या कोपरापर्यंत मागं सरायच्या. दंडावर एक ताईत होता, लाल-काळ्या पिळाच्या दोऱ्यात ओवलेला. सासूनं सातव्या महिन्यात दर्ग्यावरनं आणून स्वतःच्या हातानं बांधला होता आणि गाठीवर गाठ मारली होती. तिची सासू वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. आमच्याकडे सोडताना मायला एवढंच म्हणाली होती, “इहिणबाई, पोर तुमच्या हवाली केली. येळ आली की ताईत तेवढा याद ठिवून सोडा.”

हे सोडायचं काय ते सांगायला हवं. नव्या पोरींना माहीत नसतं. आमच्यात बाई बाळंतपणात अडली की घरातलं जे जे बांधलेलं, मिटलेलं, ते सगळं सोडायचं, उघडायचं. तिची वेणी, अंगातला दोरा, पोत्यांची तोंडं, पेटीची कुलपं. गाठ सुटली की बाळाची वाट सुटते. आणि सोडायचीच, तोडायची नाही. कात्री लावली, हिसडा मारून तोडली, तर ते धरत नाहीत, उलट वाईट. हे खरं का खोटं मला विचारू नका. मी पुढं विज्ञानही शिकवलंय. पण त्या दिवशी मीच घरभर गाठी सोडत पळत होते.

पहाटेपासून आक्काला कळा लागल्या होत्या. नाना त्याच वेळी निघाले होते, पाहुण्यांना छावणी दाखवायला. जाताना माजघरात डोकावले, म्हणाले, “पाहुण्यास्नी उतरवून गाडी लावून देतो. मग बीडला न्या.” बैल छावणीवर, एसटी सकाळीच गेलेली. वाट बघायची ती त्या गाडीचीच. मी मिलोच्या पोत्याचा सुंभ सोडला. वळणीची दोरी सोडली. घरात उरलेल्या दोन शेळ्यांची दावी सोडली, त्या बाहेर पडून कुणाच्या तरी कुडाला तोंड लावायला गेल्या, पण तिथंही पाला नव्हता. ट्रंकेचं कुलूप उघडलं. डब्यांची झाकणं काढून ठेवली, सगळे रिकामे. सुईण मधेच बाहेर येऊन आकाशाकडं बघायची, जणू गाडी वरनं येणार होती. मायनं आक्काची वेणी सोडली, चोळीची गाठ सोडली. ताईत तेवढा राहिला. ती गाठ दोऱ्यात आवळून बसली होती, घामानं भिजून आणखीच आवळली होती. माय म्हणाली, “जरा सबूर, हात कापत्यात माजे.”

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी आली. नाना पाहुण्यांबरोबर मागंच थांबले होते, नुसते लिंबाजीकाका आले. आक्काला उचलून मागच्या सीटवर घेतलं, डोकं मायच्या मांडीवर, मी खाली पायांशी उकिडवी, सुईण पुढं. काका दार लावायला लागले तर माय म्हणाली, “लिंबाजी, गाडीचं बी उगडा.”

“काय उगडू, वहिनी?”

“जे जे झाकल्यालं हाय ते.”

काकांनी काचा खाली केल्या. पुढचा कप्पा उघडला. मग मागं जाऊन डिक्कीचं झाकण उचललं आणि ते खाली येऊ नये म्हणून मधे एक लाकडाचा दांडका उभा केला. तसेच आम्ही निघालो. डिक्की आ वासलेली, तिचं झाकण प्रत्येक खड्ड्याला आदळतंय, मागचं काही दिसत नाही, आणि चारी खिडक्यांतून फुफाटा आत. त्या आवाजानं रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या. उघडी डिक्की बघून त्यांना कळायचं आत काय आहे ते. हातातली हातोडी खाली ठेवून त्या हात जोडायच्या. असा सगळा रस्ता हात जोडलेला मी नंतर कधी बघितला नाही.

धुळीनं आक्काला श्वास घेता येईना. मायनं पदर तिच्या तोंडावर धरला आणि वाकली. वाकून तिनं आक्काच्या दंडात तोंड खुपसलं. मला वाटलं माय रडतेय. मग दिसलं, ती दातानं गाठ ओढत होती. गाडी उडायची, तिचे दात आक्काच्या दंडाला लागायचे, आक्का हात हिसडायची, माय पुन्हा धरायची. रेक्झिन तापून पायाला चटके बसत होते. पेट्रोलचा, घामाचा, आणि आणखी एक वास होता तो मी सांगत नाही. घाट आला. वळणावर डिक्कीतला दांडका निसटला आणि झाकण धाडकन मिटलं. काका थांबले नाहीत. मायनं वर बघितलं, माझ्याकडे, आणि परत खाली वाकली.

घाट उतरून पालीजवळ आलो. डाव्या हाताला बिंदुसरेचं धरण, तळ उघडा पडलेला, चिखल वाळून त्याच्या पाट्या झालेल्या. आक्काचा पाय माझ्या हातात होता, तो मघापासून जड लागत होता. पुढच्या सीटवरून सुईणीनं मागं वळून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “लिंबाजी, आता सावकास चालीव.”

काकांनी गाडी सावकाश केली. बीडला जाऊन काही उपयोग नव्हता हे कुणाला बोलावं लागलं नाही. पोटातलं बाळही गेलं होतं.

सासरची माणसं दुसऱ्या दिवशी आली. आक्काची सासू रडली नाही. तिचंही नातवंड होतंच की पोटात. अंघोळ घालताना तिनं आक्काचा दंड बघितला. दंडावर काही नव्हतं, दोऱ्याचा वळ तेवढा आणि दाताच्या खुणा. तिनं मायला विचारलं, “ताईताची गाठ सोडली हुती का, इहिणबाई?”

माय म्हणाली, “हाताला गाठ लागल्याली याद हाय. सुटल्याली न्हाई याद येत.”

“मंग दोरा कुटं हाय?”

दोरा कुठंच नव्हता. लिंबाजीकाकांनी गाडी झाडली, फटीत हात घालून चाचपली, पायपुसणी झटकली. सीट खोलून बघू म्हणाले, तर नाना म्हणाले, “ऱ्हाऊ द्या आता. उद्या गाडी लागणार हाय.” सासूनं ते ऐकलं आणि उठून गेली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, “एक गाठ सांगितली हुती मी. एकच.” त्यानंतर त्या घरातलं कुणी आमच्या दारात आलं नाही.

सकाळी हवी असलेली गाडी दुपारी का आली, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मला अजून त्याचा संताप येतो. भावकीत, पाणवठ्यावर, तेराव्याला, सगळीकडे चर्चा काय तर गाठीची. चेअरमनला कोण विचारणार? बाईला विचारणं सोपं. आणि मायनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं, कुरकुर न करता. त्यानंतर मायनं कधी गाठ मारली नाही. भाकरी फडक्यात नुसती गुंडाळायची, टोकं मोकळी. केसांची टोकं तशीच सोडायची. शेळीचं दावं बांधायला शेजारणीला हाक मारायची. माझ्या लग्नात उपरण्याची आणि शालूची गाठ मारायची वेळ आली, तेव्हा मांडवातून उठून मागच्या दारी जाऊन बसली. लोकांना वाटलं, लेक चालली म्हणून. आणि वर्षाकाठी एकदा तरी, भाजी निवडताना, उन्हात बसलेली असताना, मला विचारायची, “तू पायाशी हुतीस. तुला काय दिसलं का? सुटली हुती का ग?” मी म्हणायचे, सुटली असेल, नाहीतर दंडावर राहिली नसती का. ती मान हलवायची. पुढच्या वर्षी परत विचारायची.

संघ पुढं बुडाला. दूध आलं, पाऊस आला, तरी बुडाला, कसा ते कुणी सांगत नाही. सामान विकायला काढलं तेव्हा नानांनी एकच वस्तू घेतली, ही गाडी. गोठ्यात उभी केली ती केलीच. चालवली नाही, विकली नाही. कधीमधी दुपारचं त्यांचं मागचं दार उघडून नुसतं उभं राहणं असायचं, टोपी हातात घेऊन. माय तेव्हा गोठ्याकडे पाठ करून बसायची. दोघं त्याबद्दल एक शब्द बोलले असतील तर शपथ. नाना गेले त्याच अवस्थेत, आणि खरं सांगते, मला त्यांची दया येते आणि रागही जात नाही.

“ताई, ह्ये बी हाय,” इस्माईल म्हणाला. त्यानं सीटच्या कडेची एक स्प्रिंग पक्कडीनं वाकवली. “हितं गुतून बसलंय. ताईत दिसतोय कुणाचा तरी. म्या काडला न्हाई, म्हनलं तुमीच काडा.”

धूळ झाडली तसा पीळ दिसला, लाल कुठला आणि काळा कुठला हे जवळ धरलं तरच कळावं. ताईताची तांब्याची पेटी हिरवी पडलेली. दोरा अख्खा होता. कुठं तुटला नव्हता, कापला नव्हता. वेटोळं पुरं होतं आणि त्यावर गाठीवर गाठ, जशी आक्काच्या सासूनं मारली तशी. मी ते वेटोळं माझ्या हातात घालून बघितलं. ते मनगटाच्या वर सरकेना. माझ्या मनगटाएवढा दंड झाला होता माझ्या बहिणीचा. दुष्काळात दंडच एवढा वाळला होता की तिनं हात हिसडला तेव्हा गाठीसकट सगळं कोपरावरून सरकून गळून पडलं असणार आणि सीताफळाच्या बियांच्या वाटेनं फटीत गेलं असणार. माय रिकाम्या दंडावर दात लावत होती की काय, कुणास ठाऊक. गाठ सुटलेली नव्हती, एवढं खरं.

बाजेवर बसून मी बराच वेळ ते हातात धरून होते. मायला काय सांगायचं? हे सापडलंच नाही म्हणता आलं असतं. पण मग ती पुन्हा विचारणार, भाजी निवडताना, आणि एक दिवस विचारता विचारताच जाणार. तिचे दिवस आता फार नाहीत, हे मला दिसतं. मी ठरवलं, सोडायची. सुटलेला दोरा तिच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, माय, तू सोडला होतास.

चष्मा पुसला, नखं लावली. गाठ दगड झालेली. इस्माईल थोडा वेळ बघत राहिला. “कापून टाका की, ताई. कात्री आणू का ब्लेड?” मी म्हणाले, “कापायची नसते ही.” त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो आत गेला आणि दाभण घेऊन आला, आणि तेलाच्या बुदलीनं गाठीवर एक थेंब सोडला. “मुरू द्या जरा.” त्यानं मागवलेला चहा गार झाला. दाभणाचं टोक दोनदा बोटात गेलं, एक नख मुळापासून उललं. वरची गाठ हलली, तेव्हा लिंबाची सावली बाजेवरून सरकून गेली होती. खालची तर त्याहून हट्टी. ती शेवटची गाठ सुटली तेव्हा चौकातल्या ट्रकांचे दिवे लागायला आले होते. दोरा सरळ केला तरी सरळ होईना, जिथं गाठ होती तिथं वाकडाच.

घरी आले. माय खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मी दिव्याखाली तिच्या जवळ बसले आणि दोरा तिच्या हातात दिला. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आले होते, तसंच बोलले. “माय, गाडीच्या सीटखाली सापडला. आक्काचा ताईत. बघ, सुटलेला आहे. तू सोडला होतास.”

तिनं तो लगेच बघितला नाही. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसतही नाही. अंगठा आणि बोट यांच्यामधे धरून ती एका टोकापासून चाचपत गेली, वाकड्या जागेवर थांबली, तिथंच अंगठा फिरवत राहिली. मग दोरा नाकाशी नेला.

“तेल कुनी लावलं ह्याला?”

शाळेत इतकी वर्षं मुलांची खोटी उत्तरं पकडली, आणि माझं एक टिकलं नाही.

तिनं माझा हात ओढून घेतला. बोटं चाचपली. उललेल्या नखाला हात लागल्यावर मी हात मागं घेतला.

“किती येळ लागला तुला?”

“दुपार गेली सगळी.”

“बसून सोडलीस?”

“हो.”

“उजेडात?”

“हो, माय. चष्मा लावून. दाभणानं.”

बाहेर कुणीतरी नळाला पाइप लावत होतं, त्याचा आवाज येत होता.

“मंग मला त्या गाडीत कुटनं जमणार हुतं ग,” माय म्हणाली.

तिनं दोरा मुठीत धरला आणि आक्काचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागली. ज्या दिवशी माणूस जातं त्या दिवशी रडतात तसं. शेजारीण धावत आली आणि विचारायला लागली, कोण गेलं. मी तिला म्हणाले, माझी बहीण.